सरकार कर्ज काढतं तेव्हा पैसा वाढतो का?

मागच्या भागात आपण महागाईचा आकडा कसा काढतात ते पाहिलं. त्यानंतर इंदूर, बडोदे, बंगळूर, हैदराबाद अशा वेगवेगळ्या गावांतून प्रश्न आले. गंमत अशी की त्यातले निम्मे लोक विचारतात, "सरकारला पैसे कमी पडतात तर रिझर्व्ह बँकेकडून नोटा छापून का घेत नाही?" आणि उरलेले निम्मे म्हणतात, "सरकार कर्ज काढतं म्हणजे शेवटी नोटाच छापतं ना?" एका गटाला वाटतं छपाई अजिबात होत नाही, दुसऱ्याला वाटतं ती कायमच चालू असते. दोन्ही गटांचं अर्धं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते आज बघू.

मी स्वतः अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. एका बँकेच्या ट्रेझरी विभागात आयुष्याची बरीच वर्षं काढली. सरकारचे रोखे घ्यायचे, विकायचे, रोजची रोकड जुळवायची, हे माझं काम. त्यामुळे मी हा विषय सूत्रांनी सांगणार नाही, खातेवहीने सांगणार आहे. सरकारच्या कर्जाबद्दल कोणी कितीही मोठे शब्द वापरले तरी तुम्ही फक्त एवढंच विचारायचं: कोणाच्या खात्यातून गेले आणि कोणाच्या खात्यात आले?

आधी पैसा म्हणजे काय ते ठरवू. आपल्या खिशातल्या, गल्ल्यातल्या, डब्यातल्या नोटा आणि नाणी, अधिक बँकांमधल्या आपल्या ठेवी. ढोबळमानाने याला एम-३ म्हणतात. यात एक गोष्ट मोजत नाहीत, आणि नेमकी तीच लक्षात ठेवायची आहे: सरकारचं स्वतःचं रिझर्व्ह बँकेतलं खातं. तुमच्या-माझ्या खात्यातले पैसे कर म्हणून किंवा कर्ज म्हणून सरकारच्या त्या खात्यात गेले की ते 'पैसा' या मोजणीतून बाहेर पडतात. सरकारने खर्च केले की परत आत येतात. हे खातं कुठे सांभाळलं जातं माहीत आहे? नागपूरला. रिझर्व्ह बँकेचा केंद्रीय लेखा विभाग तिथे आहे, केंद्र आणि राज्यांचा मुख्य हिशेब तिथे जुळतो. दिल्लीत अर्थसंकल्प मांडतात, मुंबईत रोख्यांचा लिलाव होतो, आणि शिल्लक किती उरली ते नागपूर सांगतं.

या खात्याचा परिणाम आम्हाला ट्रेझरीत अगदी अंगावर जाणवायचा. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या आगाऊ कराच्या तारखा. कंपन्या कर भरतात, बँकांमधली रोकड एका दिवसात सरकारच्या खात्याकडे ओढली जाते, आणि बँका एकमेकांना रात्रीपुरतं कर्ज देतात त्याचा दर चढतो. त्यात तेव्हा पंधरवड्याचा रिपोर्टिंग फ्रायडे असायचा, तो जवळ आला की विचारू नका. आता त्यात दर महिन्याच्या २० तारखेच्या जीएसटीची भर पडली आहे. म्हणजे सरकारने एक रुपयाही नवं कर्ज न काढता, फक्त पैसे स्वतःजवळ ठेवून घेतले, तरी बाजारातला पैसा आटतो.

आता कर्जाकडे येऊ. समजा सरकारला इंदूरजवळच्या एका रस्त्यासाठी १०० कोटी हवे आहेत. ते कोणाकडून घेणार, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिल्यांदा धरा की ते एखाद्या विमा कंपनीने दिले. विमा कंपनीच्या बँक खात्यातून १०० कोटी गेले, सरकारच्या खात्यात आले. पैशाची मोजणी १०० ने घटली. मग सरकारने ठेकेदाराला बिल दिलं, त्याच्या बँक खात्यात १०० कोटी जमा. मोजणी १०० ने वाढली. वजाबाकी शून्य. विमा कंपनीचा पैसा ठेकेदाराकडे गेला एवढंच. तुम्ही पोस्टात पीपीएफ भरता, मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी उघडता, किसान विकास पत्र घेता, तेही सरकारला दिलेलं कर्जच आहे, आणि त्याचंही असंच होतं. २०२१ पासून तर तुम्ही थेट रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून सरकारी रोखा विकत घेऊ शकता. लोकांच्या बचतीतून घेतलेल्या कर्जाने व्याजदरावर ताण येईल, पण पैसा वाढत नाही.

दुसऱ्यांदा धरा की रोखा माझ्या बँकेने घेतला. इथे थोडं सावकाश बघू या, कारण अनेक शिकलेले लोकही इथे अडखळतात. बँकेची रिझर्व्ह बँकेकडे जी शिल्लक असते त्यातून १०० कोटी सरकारच्या खात्यात गेले. ही बँकेची शिल्लक आपल्या एम-३ मध्ये नव्हतीच, त्यामुळे लोकांच्या पैशातून काही कमी झालं नाही. सरकारने ठेकेदाराला पैसे दिले. ठेकेदाराच्या नावावर बँकेत १०० कोटींची नवी ठेव उभी राहिली, आणि बँकेची रिझर्व्ह बँकेकडची शिल्लक होती तिथे परत आली. हिशेब काय झाला? लोकांच्या हातातला पैसा १०० ने वाढला. मूळचा राखीव पैसा, म्हणजे रिझर्व्ह बँकेने निर्माण केलेला पाया, तेवढाच राहिला.

म्हणजे बँकेने सरकारला कर्ज दिलं तर पैसा वाढतो. पण थांबा. तीच बँक सरकारऐवजी कोल्हापूरच्या एखाद्या फाउंड्रीला १०० कोटी देती, तरीही ठेव अशीच उभी राहिली असती. बँकेची देण्याची कुवत जर आधीच पूर्ण वापरलेली असेल, तर सरकारला दिले म्हणजे फाउंड्रीला मिळाले नाहीत. पैसा किती वाढला हा प्रश्न तिथे गौण होतो, कोणासाठी वाढला हा खरा. याउलट बँकेकडे पैसा पडून आहे आणि कर्ज मागायला कोणी येत नाही, अशा मंदीच्या काळात सरकारने घेतलेलं कर्ज खरोखरच नवा पैसा बाजारात आणतं. एकच व्यवहार, दोन वेगळ्या काळांत दोन वेगळे परिणाम.

परदेशी कर्जाचं लवकर सांगून टाकतो. जपानच्या कर्जातून मुंबईची भुयारी मेट्रो झाली. येन किंवा डॉलर येतात ते रिझर्व्ह बँकेकडे जातात, आणि सरकारला रुपये मिळतात. ते रुपये इथल्या मजुरीवर, सिमेंटवर खर्च झाले तर देशातला पैसा वाढतो. त्यातून परदेशी यंत्रं आणली तर परकीय चलन आलं तसं गेलं, इथे फारसं काही हललं नाही.

आणि आता चौथा धनको, ज्याच्यासाठी आज आपण बसलो आहोत: खुद्द रिझर्व्ह बँक. तिने सरकारचा रोखा घेतला आणि सरकारच्या खात्यात १०० कोटींचा आकडा लिहिला. हे कोणाच्याही खात्यातून गेले नाहीत. सरकारने ते ठेकेदाराला दिले. ठेकेदाराची ठेव १०० ने वाढली, आणि त्याच्या बँकेची रिझर्व्ह बँकेकडची शिल्लकही १०० ने वाढली. बँकेच्या प्रकरणात ती गेली आणि परत आली होती. इथे ती नव्यानेच आली. आता ती बँक या शिल्लकेच्या जोरावर आणखी कर्जं देऊ शकते, त्यातून आणखी ठेवी, त्यातून आणखी कर्जं. छापखान्याचा इथे काहीही संबंध नाही. नाशिकची नोटांची प्रेस बंद ठेवली तरी हे घडतं. 'नोटा छापणं' हा फक्त वाक्प्रचार आहे, प्रत्यक्षात तो खात्यातला एक आकडा असतो.

एका रुपयाच्या राखीव पैशावर किती रुपयांचा एकूण पैसा उभा राहतो? मार्च १९९१ चे आकडे घेऊ. राखीव पैसा सुमारे ८८ हजार कोटी. एम-३ सुमारे २ लाख ६६ हजार कोटी. भागाकार केला तर तीन. म्हणजे रिझर्व्ह बँकेने सरकारला दिलेले १०० कोटी फिरून फिरून ३०० कोटी होऊ शकत होते. 'होऊ शकत होते' म्हणतोय, कारण हे आपोआप चालणारं यंत्र नाही. कर्ज घेणारा लागतो, देणारा लागतो, लोक नोटा घरात किती ठेवतात त्यावरही ते ठरतं.

पण त्या ८८ हजार कोटींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने सरकारला दिलेलं निव्वळ कर्जही जवळजवळ तेवढंच होतं. देशाच्या पैशाचा सगळा पाया म्हणजे सरकारची उधारी, असा त्याचा अर्थ. इथपर्यंत आपण कसे पोचलो?

गोष्ट १९५५ ची आहे. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे. त्या साली सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक सोय ठरली. सरकारने रिझर्व्ह बँकेत शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी ४ कोटी शिल्लक ठेवायची. शुक्रवार वेगळा का, तर आठवड्याचा ताळेबंद त्या दिवशी बंद होतो. शिल्लक त्याखाली गेली की लगेच ९१ दिवसांची 'ॲडहॉक' ट्रेझरी बिलं तयार होणार आणि रिझर्व्ह बँक ती घेणार. ॲडहॉक म्हणजे गरजेपुरती, तात्पुरती. कराचे पैसे यायला उशीर झाला, पगार मात्र आज द्यायचे आहेत, तेवढ्यापुरती उसनवारी. घरात महिनाअखेरीला वाण्याकडे मांडून ठेवतो ना, तसं.

फक्त वाणी महिन्याच्या एक तारखेला पैसे मागतो. इथे मागणारा कोणी नव्हता. ९१ दिवस संपले की जुनं बिल फेडायला नवं बिल. मर्यादा नाही, संसदेची वेगळी मंजुरी नाही, रिझर्व्ह बँकेला नाही म्हणायची सोय नाही. १९७४ नंतर या बिलांचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठवला, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. बाजारात महागाई ८-१० टक्के आणि सरकारची उधारी ४.६ टक्क्यांनी. कोण परतफेडीची घाई करील?

हे करणारे लोक मूर्ख होते किंवा बेफिकीर होते असं मी म्हणणार नाही. नव्याने स्वतंत्र झालेला देश, कर भरणारे मूठभर, धरणं आणि पोलाद कारखाने उभे करायचे होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या ४,८०० कोटींपैकी १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्यातून येतील असं उघडपणे लिहिलेलं होतं. त्यामागे विचारही होता. जो देश धान्याच्या देवघेवीतून रोखीच्या व्यवहाराकडे येतो आहे, जिथे उत्पादन वाढतं आहे, तिथे दरवर्षी थोडा जास्त पैसा लागतोच. तो कोणीतरी निर्माण करायचाच आहे, मग सरकारनेच का वापरू नये? यात तथ्य आहे. बी. आर. शेणॉय या अर्थशास्त्रज्ञाने तेव्हाच भिन्नमतपत्रिका लिहून इशारा दिला होता, की एवढी तूट झेपणार नाही. त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. 'थोडा पैसा लागतो' आणि 'हवा तेवढा पैसा घ्या' यांच्यामध्ये कुंपण असावं लागतं. १९५५ च्या सोयीत ते नव्हतं.

मग रिझर्व्ह बँक काय करायची? एका हाताने सरकारला पैसा द्यायची आणि दुसऱ्या हाताने तोच पैसा बँकांकडून काढून कुलपात ठेवायची. ते कुलूप म्हणजे सीआरआर, ठेवींचा जो हिस्सा बँकांनी रिझर्व्ह बँकेत ठेवायचाच असतो तो. १९७३ च्या आधी तो ३ टक्के होता, १९८९ पर्यंत १५ टक्के झाला. त्याच्या जोडीला एसएलआर, म्हणजे मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा हिस्सा, तो १९९० मध्ये ३८.५ टक्क्यांवर गेला. बेरीज करा, ५३.५. तुम्ही बँकेत १०० रुपये ठेवले की साडेत्रेपन्न रुपये सरकार आणि रिझर्व्ह बँकेच्या वाट्याचे. उरले साडेसेहेचाळीस. त्यातल्या कर्जांपैकी ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला. म्हणजे बँकेने स्वतःच्या अकलेने कोणाला द्यायचे ते जेमतेम २८ रुपये. त्या २८ रुपयांवर सगळा खर्च भरून काढायचा, म्हणून कर्जाचे दर चढे. सातपूरच्या किंवा पीथमपूरच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याला नवं लेथ मशीन घ्यायला जे महाग कर्ज मिळत होतं, किंवा मिळतच नव्हतं, त्याचं मूळ नागपूरच्या त्या खात्यात होतं. त्याला ते कधी कोणी सांगितलं नाही.

आणि दुसरा भरणारा होता रोकड बाळगणारा. वर्षाला ८ टक्के महागाई धरली तर १,००० रुपयांच्या नोटेची किंमत दहा वर्षांत सुमारे ४६३ रुपये उरते. बाकीचे ५३७ कोणी चोरले नाहीत, डबाही कोणी उघडला नाही. ज्यांच्याकडे माहिती आणि ऐपत होती त्यांनी सोनं घेतलं, फ्लॅट घेतला, जमीन घेतली. ज्यांची सगळी बचत डब्यातल्या नोटांत किंवा पासबुकात होती, त्यांनी हा कर भरला. ज्या कराला संसदेत मतदान होत नाही आणि ज्याची पावती मिळत नाही, तो माझ्या मते सर्वांत अन्यायी कर. कोणी म्हणेल, मग आयकर काय न्यायी आहे? निदान त्यात गरिबाला सूट असते.

सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ च्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं: पैशाच्या वाढीचं लक्ष्य सरकार आणि रिझर्व्ह बँकेने मिळून ठरवावं. पण कुलूप लागायला १९९१ चं संकट यावं लागलं. परकीय चलन आटलं, सोनं गहाण पडलं, ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक महागाई १७ टक्क्यांच्या आसपास गेली. मनमोहन सिंग अर्थमंत्री, सी. रंगराजन गव्हर्नर. सप्टेंबर १९९४ मध्ये दोघांच्या कार्यालयांत करार झाला: तीन वर्षांत ॲडहॉक बिलं बंद करायची, तोवर दरवर्षी त्यांना मर्यादा. १ एप्रिल १९९७ पासून ती खरंच बंद झाली. त्या जागी आली 'वेज अँड मीन्स' उचल, आम्ही तिला डब्ल्यूएमए म्हणतो. उसनवारी इथेही आहे, पण तिला मर्यादा आहे, बाजाराशी जुळणारं व्याज आहे, आणि मर्यादेबाहेरचा ओव्हरड्राफ्ट सलग दहा कामाच्या दिवसांपलीकडे चालत नाही. वाणी आता एक तारखेला दारात उभा असतो.

ट्रेझरीतला माणूस म्हणून सांगतो, या बदलाने आमचं काम पार बदललं. आधी सरकारी रोखा म्हणजे नियमाने गळ्यात पडलेली वस्तू. भाव कोणी विचारत नसे. आता शुक्रवारच्या लिलावात सरकारला आमच्याकडे भाव मागावा लागू लागला. सरकारची तूट वाढली की आम्ही जास्त व्याज मागायचो. सरकारला आपल्या खर्चाची किंमत दर आठवड्याला दिसू लागली, हे मला त्या कराराचं सर्वांत मोठं फळ वाटतं.

नंतर २००३ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा, एफआरबीएम, आला. त्यानुसार १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट सरकारकडून, म्हणजे लिलावात, घेता येत नाहीत. आणि २००८ च्या मार्चमध्ये तर उलटंच चित्र दिसलं. परदेशातून डॉलरचा लोंढा येत होता, रिझर्व्ह बँक डॉलर घेऊन रुपये सोडत होती, आणि ते जादा रुपये शोषायला सरकार रोखे काढून मिळालेली रक्कम रिझर्व्ह बँकेत न वापरता ठेवून देत होतं. बाजार स्थिरीकरण योजना म्हणायचे तिला, २००४ मध्ये सुरू झाली. रिझर्व्ह बँकेचं केंद्र सरकारला दिलेलं निव्वळ कर्ज तेव्हा उणे झालं होतं. सतरा वर्षांपूर्वी ज्या उधारीवर देशाचा सगळा पैसा उभा होता, ती शून्याखाली. इथे सरकारने कर्ज काढल्यामुळे पैसा कमी होत होता, हेही लक्षात घ्या.

आता तुमच्यातले चाणाक्ष लोक विचारतील: रिझर्व्ह बँक लिलावात रोखे घेत नाही, पण दुसऱ्या दिवशी बँकांकडून तेच रोखे विकत घेते. मग फरक काय पडला? प्रश्न रास्त आहे. खातेवहीत बघितलं तर शेवटचा आकडा सारखाच: रिझर्व्ह बँकेकडे रोखा, बाजारात नवा राखीव पैसा. फरक आकड्यात नाही, निर्णय कोणाचा यात आहे. ॲडहॉक बिलात किती पैसा निर्माण व्हायचा ते सरकारच्या खर्चावरून आपोआप ठरायचं. खुल्या बाजारातल्या खरेदीत किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कधी परत विकायचं ते रिझर्व्ह बँक ठरवते. वाढत्या देशाला दरवर्षी थोडा नवा राखीव पैसा हवाच असतो. तो डॉलर घेऊन द्यायचा की रोखे घेऊन, एवढीच निवड.

अर्थात कागदावरचा हा फरक संकटाच्या वेळी किती टिकतो, हे २०२० ने दाखवलं. मे २०२० मध्ये केंद्राने वर्षाच्या बाजारातल्या कर्जाचा अंदाज ७.८ लाख कोटींवरून १२ लाख कोटींवर नेला. वर्षअखेर वित्तीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्के झाली. 'रिझर्व्ह बँकेने थेट पैसे द्यावेत' अशी मागणी झाली. कायद्यात अशा आपत्तीसाठी अपवाद आहेही. तो वापरला नाही. पण रिझर्व्ह बँकेने त्या वर्षात बाजारातून निव्वळ ३ लाख कोटींहून अधिक रोखे घेतले, आणि पुढच्या वर्षी आधी जाहीर करून आणखी २ लाख २० हजार कोटींचे. एवढी उधारी असूनही व्याजदर चढले नाहीत, उलट उतरले. हे सरकारला कर्ज देणं होतं की अर्थव्यवस्थेला आधार देणं? मी म्हणेन दोन्ही, आणि त्या वर्षी ते बरोबर होतं.

मग महागाई भडकली का नाही? कारण बँकांकडे पैसा होता, पण कर्ज मागणारा नव्हता. त्या वर्षी बँकांची कर्जं जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी वाढली. बँका जादा पैसा रोज संध्याकाळी रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवत होत्या. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, त्यात युक्रेन युद्ध, खनिज तेल, खाद्यतेल यांचा मोठा हात होता. पण बाजारात पैसा सैल होता म्हणून ती पसरायला मदत झाली, असं माझं मत आहे. यावर जाणकारांत एकमत नाही.

शेजारी श्रीलंकेत मात्र हेच औषध विष ठरलं. २०१९ च्या शेवटी त्यांनी कर मोठ्या प्रमाणात कापले, व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. महसूल कोसळला, करोना आला, पर्यटन थांबलं. मध्यवर्ती बँकेने सरकारची ट्रेझरी बिलं घेत राहून दरी बुजवली. पण लहान देशात लोकांच्या हातात आलेला जादा पैसा आयातीकडे धावतो: इंधन, औषधं, दूध पावडर. रुपये हवे तेवढे निर्माण करता येतात, डॉलर येत नाहीत. गंगाजळी संपली, एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली, आणि सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली. २०२३ मध्ये त्यांनी नवा कायदा करून मध्यवर्ती बँकेने सरकारला असा पैसा पुरवायला बंदी घातली. आपण १९९७ आणि २००६ मध्ये जे केलं, ते त्यांना पेट्रोलपंपांवर रांगा लागल्यावर करावं लागलं.

शेवटी एक हल्लीची गोष्ट, कारण बातम्यांत ती दरवर्षी येते. रिझर्व्ह बँक सरकारला जो लाभांश देते, तो २०२३-२४ साठी २,१०,८७४ कोटी होता, २०२४-२५ साठी २,६८,५९० कोटी. हे कर्ज नाही, परत द्यायचं नाही, वित्तीय तुटीत धरलं जात नाही. उलट त्याने तूट कमी दिसते. पण खातेवहीत बघा: रिझर्व्ह बँकेने सरकारच्या खात्यात आकडा लिहिला, सरकारने खर्च केला, बँकांची शिल्लक वाढली. राखीव पैशावरचा परिणाम तोच. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने डॉलर विकून बाजारातून रुपये काढलेले असतात, त्यातल्या नफ्याचा भाग असा परत जातो. तिने धोक्यासाठी किती निधी राखायचा याचे नियमही ठरलेले आहेत. पण 'सरकारने कर्ज कमी काढलं' या मथळ्याखाली पैसा कुठून आला ते वाचायची सवय ठेवा. माझी नजर पुढची काही वर्षं या आकड्यावर असणार आहे.

तुम्हालाही हे बघता येतं, त्यासाठी बँकेत नोकरी लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं साप्ताहिक पत्रक शुक्रवारी संकेतस्थळावर येतं, फुकट. त्यात राखीव पैशाचा तक्ता काढा. 'रिझर्व्ह बँकेचं सरकारला निव्वळ कर्ज' आणि 'निव्वळ परकीय मालमत्ता' या दोन ओळी शोधा. आज पाया मुख्यतः दुसऱ्या ओळीवर उभा आहे, डॉलरवर. पहिली ओळ एका आठवड्यात वरखाली झाली तर घाबरू नका, ती करांच्या तारखांची हालचाल असते. वर्षभराचा फरक बघा. मग एम-३ च्या तक्त्यात 'बँकांचं सरकारला निव्वळ कर्ज' आणि 'व्यापारी क्षेत्राला कर्ज' शेजारी शेजारी ठेवा. फाउंड्रीला किती मिळाले ते तिथे दिसेल.

राज्यांच्या कर्जाचा मी आज मुद्दामच उल्लेख टाळला. तिथे रिझर्व्ह बँक सहसा रोखे घेत नाही, ओव्हरड्राफ्टचे नियम वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक यांना एकाच आठवड्यात वेगवेगळं व्याज का पडतं ही एक स्वतंत्र कथा आहे. ती पुढच्या भागात.